हरतो आणि वर हसतो

"मॅडम, गेममध्ये एवढं डोकं चालतं, मग अभ्यासात कुठे जातं?"

गेल्या दोन-तीन वर्षांत हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की पालक खुर्चीत टेकायच्या आत मला तो ऐकू येतो. माझी समुपदेशनाची खोली गोव्यात, म्हापशात आहे. पेडण्याहून, डिचोलीहून, पार वाळपईहून माणसं येतात. कुणाच्या हातात मुलाचं प्रगतिपुस्तक असतं, कुणाच्या पर्समध्ये जप्त केलेला मोबाईल. अलीकडे या प्रश्नाला एक जुळा भाऊ झालाय. "गेम खेळणारे सर्जन जास्त चांगली ऑपरेशनं करतात म्हणे, व्हॉट्सॲपवर आलंय. मग खेळू द्यायचं का?" एकाच आठवड्यात एक आई रडवेली होऊन आली होती आणि दुसरी कुठला गेम विकत घेऊन देऊ, असं विचारत होती. दोघींची मुलं एकच गेम खेळत होती.

तो मेसेज आधी निकालात काढते. अभ्यास खरा आहे. 2007 साली 'आर्काइव्ह्ज ऑफ सर्जरी' या नियतकालिकात जेम्स रॉसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो छापला. 33 डॉक्टर होते. पूर्वी कधीतरी आठवड्याला तीन तासांहून जास्त गेम खेळलेल्यांनी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या सरावात 37 टक्के कमी चुका केल्या आणि 27 टक्के जास्त वेगाने काम उरकलं. पण हा सराव होता, रुग्णाचं पोट नव्हे. आणि दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत डॉक्टर काय करतो? डोळे पडद्यावर, हात भलतीकडे. गेम खेळणारा पोरगा हेच तर करतो. काम जवळचं होतं म्हणून कसब तिथवर पोचलं. त्याच्या आधी, 2003 मध्ये, ग्रीन आणि बाव्हेलिए यांनी 'नेचर'मध्ये दाखवलं होतं की रोज एक तास याप्रमाणे दहा दिवस मारधाडीचा गेम खेळलेल्यांची नजर एकाच वेळी जास्त गोष्टी टिपू लागते. टेट्रिस खेळणाऱ्यांत तशी वाढ दिसली नाही. म्हणजे 'गेम'ने काय होतं, हा प्रश्नच मोघम. कुठल्या गेमने, आणि कशासाठी?

नजर तीक्ष्ण झाली म्हणून बीजगणित येत नाही. पोहता येणाऱ्याला होडी वल्हवता येतेच असं नाही. पाण्याची भीती मात्र गेलेली असते. ही भीती जाण्याची गोष्ट मला एका आठवीतल्या मुलाने नीट समजावली. त्याला बाबू म्हणू. गोव्यात निम्म्या घरांतला मुलगा बाबूच असतो, त्यामुळे ओळख पटायची चिंता नाही. घरच्यांना विचारूनच लिहितेय, काही खुणा बदलल्या आहेत.

जूनअखेरचा पाऊस होता. तिघे आले, छत्र्या दाराबाहेर ठेवल्या. आईने पिशवीतून गणिताचा पेपर काढून माझ्यासमोर ठेवला. चाळीसपैकी नऊ. वडील डिचोलीकडचे, बेचाळिशीचे, अंगाने मजबूत, बोलायला कमी. आमच्याकडे सेशन बहुधा कोकणी-मराठीच्या खिचडीत चालतं. राग कोकणीत येतो आणि उपदेश मराठीत. वडिलांनी उपदेशाने सुरुवात केली. अभ्यासाचं वय, गेलेली वेळ परत येत नाही, वगैरे. मग एकदम थांबून म्हणाले, "मॅडम, हा खेळतो त्याचं मला एवढं नाही. पण हा हरतो आणि वर हसतो."

मी ते वाक्य वहीत लिहून घेतलं. त्याचा अर्थ कळायला मला जवळजवळ दीड महिना लागला, हेही कबूल करते.

घरात तोवर बरंच महाभारत झालं होतं. शेवटचा उपाय म्हणून वडिलांनी कॉम्प्युटरचा कीबोर्डच लपवला होता, तांदळाच्या पिंपात. संध्याकाळी आजी शेर घेऊन तांदूळ काढायला गेली आणि हाताला बटणं लागली. ती इतकी किंचाळली की शेजारचे धावत आले. हे सांगताना आईला हसू आवरेना, बाबूही हसला. वडील हसले नाहीत.

मी मुलाच्या डोक्यात काय बिघडलंय ते शोधायला निघणाऱ्यांतली नाही. मुलाच्या भोवती कुठले नियम चालू आहेत, ते मी आधी बघते. 19 वर्षांत या सवयीने मला फार कमी वेळा फसवलंय. म्हणून पुढच्या वेळी बाबू एकटा आला तेव्हा अभ्यासाचा विषयच काढला नाही. म्हटलं, "मला तुझा गेम शिकव. पण मी पहिल्याच मिनिटात मरणार. तेव्हा मेल्यावर काय करायचं ते आधी सांग."

पोराचा चेहरा उजळला. गेम माइनक्राफ्ट होता. चौकोनी ठोकळ्यांचं जग. खणायचं, बांधायचं, रात्री राक्षसांपासून जपायचं. 2011 साली तो पूर्ण रूपात आला, म्हणजे बाबूहूनही थोडा जुना.

"मेलं की तुम्ही तुमच्या बिछान्यात उठता, टीचर." आमच्याकडे मुलांना कुठलीही बाई टीचरच वाटते, मी दुरुस्त करत नाही. "पण तुमचं सगळं सामान मेलात तिथेच पडून असतं. पाच मिनिटांत जाऊन उचललं नाही तर गायब."

"पाच मिनिटं?"

"हां. म्हणून मी आईला सांगतो, आयलों, पाच मिंटां. ती म्हणते तुझी पाच मिनिटं कधी संपतच नाहीत."

"आणि सामान गेलं तर?"

"तर गेलं. परत गोळा करायचं. आता कुठे खड्डा आहे ते माहीत असतं ना."

शेवटचं वाक्य तो इतक्या सहज बोलला की मी त्याला तेच पुन्हा म्हणायला लावलं. चुकीची एवढी स्वच्छ व्याख्या मी मोठ्यांच्या तोंडून क्वचित ऐकलीय. या मुलाला हरण्याची लाज नव्हती. तो हरायचा, काय झालं ते बघायचा, दुसऱ्या वाटेने जायचा. अभ्यासाला जी वृत्ती लागते म्हणून आपण मुलांना भाषणं देतो, ती याच्या अंगात मुरलेली होती. मग चाळीसपैकी नऊ कसे?

तिसऱ्या-चौथ्या भेटीत मी तो पेपर नीट उलगडून बघितला. इतके दिवस सगळ्यांनी, मीसुद्धा, वरचा लाल आकडाच बघितला होता. आत चुका जवळजवळ नव्हत्याच. कोरी जागा होती. अठरा प्रश्नांपैकी अकरा प्रश्नांना हातच लावला नव्हता. मी त्यातले तीन प्रश्न एका पाठकोऱ्या कागदावर लिहून, पेन्सिल देऊन त्याच्यासमोर सरकवले आणि चहा करायच्या निमित्ताने उठले. परत आले तर दोन सुटले होते, तिसऱ्यात चिन्ह चुकलं होतं.

"अरे, येतंय की! मग पेपरात लिहिलं का नाहीस?"

गप्प.

"वेळ पुरला नाही?"

मानेनेच नाही.

"चुकलं असतं तर काय झालं असतं?"

बराच वेळ तो पेन्सिलीच्या टोकाने कागदावर ठिपके काढत राहिला. बाहेर पाऊस. मी बोलले नाही. या धंद्यात गप्प बसणं हे सगळ्यात उशिरा जमतं, आणि ते जमतं म्हणून मला थोडा अभिमानही आहे. मग तो कागदाकडे बघतच म्हणाला, "टीचर, तो पेपर हार्डकोअर असतो."

मला शब्द कळला नाही. त्याने समजावलं. माइनक्राफ्टमध्ये हार्डकोअर नावाचा एक प्रकार असतो. त्यात एकच जीव. मेलं की संपलं. जे घर, जी शेती, जे भुयार महिनाभर खपून केलं, त्यात परत जिवंत होऊन जाता येत नाही, फार तर भुतासारखं फिरून बघता येतं. पडद्यावरची हृदयंसुद्धा वेगळी दिसतात, आठवण राहावी म्हणून.

"तू खेळतोस ते?"

"कधी कधी."

"मग त्यात कसा खेळतोस?"

"हळू. रात्री घराबाहेर पडत नाही. खाणीत तर उतरतच नाही."

"मग करतोस काय?"

"शेती." जरा थांबला. "आणि कंटाळा आला की बंद करतो."

अकरा कोरे प्रश्न! तो आळस नव्हता, अज्ञान तर अजिबात नव्हतं. रात्रीची वेळ, एकच जीव, म्हणून पोरगं घरात कडी लावून बसलं होतं. त्या दिवशी घरी जाताना म्हापशाच्या बसस्टँडवर माझी बस चुकली, पुढचीही मी जाऊ दिली. इतकी वर्षं मी पालकांना सांगत आले होते की गेम चिकाटी शिकवतात किंवा गेम चिकाटी मारतात, समोरचा किती घाबरलाय त्यावर. बाबूने एका वाक्यात दाखवलं की त्याच गेममध्ये, तोच मुलगा, त्याच दिवशी शूरही असतो आणि भित्राही. फरक एवढाच की हरण्याची किंमत किती लावलीय. गेम काय शिकवतो ते राक्षसांवरून, बंदुकांवरून, चित्रांवरून ठरत नाही. मेल्यावर काय होतं, यावरून ठरतं. घराचंही तेच.

आता वडिलांना हे सांगायचं होतं. मी उत्साहाने सांगितलं, जरा जास्तच उत्साहाने. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "पण मॅडम, जग हार्डकोअरच असतं ना?"

आणि मग त्यांनी पहिल्यांदा स्वतःबद्दल सांगितलं. खाणीच्या दिवसांत त्यांचे दोन टिप्पर होते, खनिज वाहणारे ट्रक, बँकेच्या कर्जावर घेतलेले. 2012 मध्ये खाणी थांबल्या, टिप्पर दारात उभे राहिले. हप्ते थांबले नाहीत. खाणी पुन्हा सुरू झाल्या तेव्हा त्यांना वाटलं निभावलं. मार्च 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा सगळं बंद पडलं, आणि या खेपेला त्यांनी दोन्ही गाड्या मिळेल त्या भावाला विकल्या. आता ते मोपाच्या विमानतळावर पगारी ड्रायव्हर आहेत. "माझ्या दारात दोन गाड्या होत्या तेव्हा हा तीन-चार वर्षांचा होता. त्याला काय माहीत! बँक परत बिछान्यात उठवत नाही मॅडम. आणि हा हरतो आणि..."

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. दीड महिना वहीत पडून असलेलं ते वाक्य आता मला कळलं. मुलाचं हसणं त्यांना टोचत होतं, कारण त्यांच्या हिशेबात हरल्यावर हसण्याची ऐपत कुणाचीच नसते. मी त्यांना कडक बाप समजून बसले होते. ते घाबरलेले होते, आणि तेही अनुभवाने.

मी विचारलं, "तुम्ही लहानपणी व्हिडिओ गेम खेळलात का कधी?"

"छे!" म्हणाले. मग मिशीत कुठेतरी काहीतरी हललं. "म्हणजे... म्हापशाला. मुस्तफा."

माझ्या वयाच्या वाचकांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी: गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स', जपानच्या कॅपकॉम कंपनीचा, 1993 चा. त्यातल्या एका गड्याचं नाव मुस्तफा, म्हणून आपल्याकडे सगळा गेमच मुस्तफा झाला. बाबूच्या वडिलांची आई मे महिन्याच्या सुट्टीत शुक्रवारच्या बाजाराला सोलं आणि सुक्या मिरच्या विकायला यायची, हे तिच्याबरोबर यायचे. विक्री बरी झाली की एक रुपया मिळायचा. तो घेऊन व्हिडिओ गेमचं पार्लर गाठायचं. पुढची चाळीस मिनिटं हा माणूस थांबला नाही. सहा आठवड्यांत जेवढं बोलला नव्हता, तेवढं एका रुपयाबद्दल बोलला.

"रुपया एकच ना मॅडम. तो घालायचा आणि दोन मिनिटांत मरायचं? म्हणून मी आधी अर्धा-पाऊण तास मागे उभा राहायचो. दुसऱ्यांचं बघायचं. कुठला गडी कुठून येतो, कुठल्या पिंपात खायला असतं, कुठे उडी मारायची नाही. सगळं पाठ झालं की मग रुपया. एका रुपयात मी पुष्कळ लांब जायचो. मोठी पोरं माझ्या मागे उभी राहायची मग."

ती यंत्रं बनवलीच होती तशी. खेळणारा लवकर मेला तर पुढचं नाणं पडतं. किती जीव द्यायचे, खेळ किती अवघड करायचा, हे बहुतेक यंत्रांत दुकानदाराला आतल्या बारीक खटक्यांनी ठरवता यायचं. अशा ठिकाणी वाढलेला मुलगा काय शिकणार? नाणं घट्ट धरायला, पारखून घ्यायला, दुसऱ्याच्या मरणातून स्वतःची वाट काढायला. बाप तेच शिकला होता. मुलाच्या गेममध्ये नाणंच नव्हतं, म्हणून मुलगा घुसून बघायला शिकला. एकाच घरात दोन कसबं नांदत होती आणि दोघांनाही वाटत होतं की समोरच्याला अक्कल नाही.

मी त्यांना एकच काम दिलं. "आठवडाभर रोज अर्धा तास बाबू खेळत असताना त्याच्या मागे उभे राहा. खिशात रुपया नाही असं समजा. बोलायचं नाही."

"कीबोर्ड?"

"परत द्या."

पुढच्या खेपेला ते आले ते खुर्चीत बसायच्या आधीच बोलू लागले. "मॅडम, तो मेला की लगेच पळत नाही. दोन सेकंद थांबतो. मग दुसऱ्या बाजूने जातो. मला वाटायचं नुसतं बटणं बडवतो." त्यांच्या आवाजात जे होतं त्याला मी कौतुक म्हणणार नाही, ते फार पुढचं झालं. पण एका खेळाडूने दुसऱ्या खेळाडूची दखल घेतल्यासारखं होतं.

मग मी म्हटलं, आता हेच गणिताला करा. ते दचकले. त्यांचं शिक्षण दहावी, बीजगणित कधीच विसरलेलं. मी म्हटलं, शिकवू नका, मुस्तफा बघायचात तसं बघा. एक वेगळी वही करा, पेन्सिलीची. तिच्यात गुण नाहीत, लाल पेन नाही, कुणालाही दाखवायची नाही. त्यात बाबूने कितीही वेळा मरायचं.

पंधरा दिवसांनी फोन आला. "मॅडम, मला गणित येत नाही, पण पोरगा कुठे मरतो ते दिसतं. बरोबरच्या चिन्हाच्या पलीकडे आकडा नेतो ना, तिथे. दर वेळी तिथेच." उणे चिन्ह पलीकडे नेताना तसंच राहत होतं. शाळेत, शिकवणीत कुणाच्या लक्षात न आलेली गोष्ट ड्रायव्हरकी करणाऱ्या बापाने पाठीमागे उभं राहून टिपली होती. लहानपणीच्या व्हिडिओ गेमने काय शिकवलं, असं मला यापुढे कुणी विचारलं तर मी सर्जनांचा अभ्यास सांगणार नाही, हे सांगेन.

घरात शब्दही बदलले. "किती मिळाले?" बंद करून "कुठे मेलास?" असं विचारायचं ठरलं, पण आजीने दुसऱ्याच दिवशी ते हाणून पाडलं. दिवेलागणीच्या वेळी घरात मरणाची भाषा नको म्हणे. म्हणून मग "कुठे अडलास?" झालं. आजीचं बरोबरच होतं.

पुढच्या परीक्षेत एकवीस. डोळे दिपवणारा आकडा नाही, मला माहीत आहे. मी कोऱ्या जागा मोजल्या. दोन होत्या.

एक गोष्ट वडिलांच्या बाजूची, कारण ती राहून जाते. परीक्षा खरोखरच एका नाण्याची असते, तिथे मेल्यावर बिछान्यात उठता येत नाही. वहीत कितीही शूर झालं तरी पेपरात घुसून चालत नाही. म्हणून बाबूला वडिलांनी त्यांचं कसब दिलं: पेपर हातात पडल्यावर पहिली काही मिनिटं लिहायचं नाही, सगळा बघून घ्यायचा. कुठला गडी कुठून येतो. वडील त्याला "नाणं हातात" म्हणतात. आधी मनसोक्त मरायची जागा आणि मग एका जिवाचा खेळ; क्रम असा असेल तर मुलं दोन्ही पेलतात. आपण बहुतेक घरांत पहिली जागाच ठेवत नाही. पहिल्या इयत्तेपासून प्रत्येक चाचणी हार्डकोअर करतो आणि मग मूल रात्री बाहेर का पडत नाही म्हणून त्याला माझ्याकडे आणतो.

आता जे पालक मला "कुठला गेम चांगला?" विचारतात, त्यांना मी सांगते की गेमचं नाव राहू दे, मुलाला विचारा, "मेल्यावर काय होतं?" उत्तर नीट ऐका. परत करून बघायला मिळत असेल आणि मूल दर वेळी काहीतरी वेगळं करत असेल, तर तिथे शिकणं चाललंय. त्याला ते शब्दांत सांगायला लावा, कारण मनातलं कसब बोलून दाखवल्याशिवाय दुसऱ्या कामाला जुंपता येत नाही. बाबूला आपण धीराचे आहोत हे मला गेम शिकवेपर्यंत माहीतच नव्हतं. पण मेल्यावर थांबायचं किंवा पैसे मोजायचे अशी सोय असेल, तर जरा सावध व्हा. कँडी क्रशमध्ये पाच जीव मिळतात, गेलेला जीव भरायला अर्धा तास लागतो. घाई असेल तर मैत्रिणींकडे मागा नाहीतर विकत घ्या. हे सांगताना बाबूची आई खाली बघू लागली. तिच्या मैत्रिणींना तिच्याकडून रोज जिवाच्या याचना जात होत्या! मोठ्यांनी खेळलं म्हणून आकाश कोसळत नाही, पण थांबायची चीड येणं आणि पाकीट उघडणं हेही एक शिक्षणच आहे, आणि ते नऊ-दहा वर्षांच्या मुलाला लवकर लागतं. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमबद्दल मी बोलतच नाही; त्यांच्यावर ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने बंदीचा कायदाच केलाय.

आणि कृपा करून 'बुद्धी वाढवणारे' गेम गळ्यात मारू नका. त्यांत मूल त्या गेममध्ये हुशार होतं, एवढं नक्की.

व्यसनाचा धाकही सरसकट दाखवू नये. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगच्या विकाराला आजारांच्या यादीत घातलंय, ती यादी जानेवारी 2022 पासून लागू आहे. पण त्यात तास मोजलेले नाहीत. खेळणं आवरता न येणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळच वर चढणं, आणि नुकसान दिसत असूनही तसंच चालू राहणं, हे साधारण वर्षभर आणि घर-शाळा विस्कटण्याइतकं असेल तर तो विकार. मुलाने झोप सोडली, मित्र सोडले, आंघोळ-जेवण सोडलं, पैसे चोरायला लागला, तर माझ्यासारखीच्या लेखांवर विसंबू नका. बांबोळीला मानसोपचार संस्था आहे, 14416 हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा फोन कधीही लागतो. अशी मुलं माझ्याकडेही येतात. त्यांच्या बाबतीत बहुतेकदा मला हेच दिसतं की गेमबाहेर हरण्याची किंमत त्यांना परवडेनाशी झालेली असते, म्हणून ती आत जाऊन राहतात. पण तो वेगळा, लांबचा विषय आहे.

चवथीच्या सुट्टीनंतर बाबूची आई एकटीच येऊन गेली, सहज, पातोळ्या घेऊन. सगळं आलबेल आहे असं नाही. अक्षर तसंच आहे, विज्ञानाच्या पेपरात अजून कोरी जागा दिसते, आणि टिप्परचा विषय निघाला की वडील उठून अंगणात जातात. मी विचारलं, जेवायला हाक मारली की काय म्हणतो?

"तेच. आयलों, पाच मिंटां."

"मग?"

"मग मी विचारते, कसली पाच मिनिटं? सामान आणायची की तुझी?"

"काय सांगतो?"

"सामानाची असली तर खरं सांगतो. तेवढी मी ताट झाकून ठेवते."

"आणि त्याची असली तर?"

"तर आजी जाते. हातात शेर घेऊन."